स्मरणिकेत आपलं पान कुठंय?

गेल्या महिन्यात आमच्याकडे एक स्मरणिका आली. बारामती परिसरातल्या एका जुन्या क्रीडा मंडळाला पन्नास वर्षं झाली, त्याची ही सुवर्णमहोत्सवी स्मरणिका. चांगला गुळगुळीत कागद, रंगीत मुखपृष्ठ, पहिल्या पानावर संस्थापकांचे फोटो, मग मान्यवरांचे शुभसंदेश, मग जिंकलेल्या ढालींची यादी. मधूनमधून खतांच्या दुकानाच्या, सराफाच्या, मंगल कार्यालयाच्या जाहिराती. दुपारी मागचं आवरलं आणि मी ती घेऊन बसले. एकेक पान उलटत शेवटपर्यंत गेले. मग पुन्हा शेवटून पहिल्या पानापर्यंत आले. म्हटलं, दोन पानं एकमेकांना चिकटली तर नाहीत ना!

कारण या मंडळाचा ऐंशीच्या दशकात चार-पाच वर्षं मुलींचा कबड्डी संघ होता. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण त्या संघात मी स्वतः होते. माहेर माझं इंदापूर तालुक्यातलं, नीरेच्या काठचं. शिकायला बारामतीला मामांकडे होते. शाळा सुटली की आम्ही दहा-बारा जणी मैदानावर. आम्ही तालुक्याला खेळलो, जिल्ह्याला खेळलो, एकदा ढालसुद्धा आणली. त्या ढालीची एक ओळसुद्धा स्मरणिकेत नाही.

बायका नाहीतच असं नाही हं. एका फोटोत हळदीकुंकू आहे. एका फोटोत जिंकून आलेल्या मुलांना ओवाळणाऱ्या पाच जणी आहेत. आणखी एका फोटोत अध्यक्षांच्या पत्नी बक्षीस देताहेत. ओवाळणाऱ्या दिसल्या, बक्षीस देणाऱ्या दिसल्या. खेळणाऱ्या कुठं गेल्या?

मंडळाच्या एका जुन्या कार्यकर्त्यांना फोन केला. चांगला माणूस. खरंच ओशाळले. म्हणाले, "ताई, राहून गेलं बघा. तुमचे फोटोच सापडले नाहीत. आणि जुन्या वहीत नावंही नव्हती तुमची." मला त्यांचा राग आला नाही. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण वहीत नाव नव्हतं, हे मात्र शंभर टक्के खरं! वर्गणी भरायचे ते आमचे भाऊ आणि मामा. पावती फाटायची ती त्यांच्या नावानं. आम्ही मंडळाकडून खेळायचो, पण मंडळाच्या सभासद कधीच नव्हतो. दहावी झाली, एकेकीची लग्नं ठरली, आणि मुलींचा संघ कधी बंद पडला हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

हे सगळं मनात घोळत असतानाच माहेरून वहिनीचा फोन आला. भाचीनं म्हणे नवीनच खूळ काढलंय. पुण्यात कॉलेजला आहे ती. कबड्डी चांगली खेळायची, आता रग्बी खेळते. परराज्यातल्या शिबिरासाठी तिची निवड झाली होती आणि कॉलेजनं संमतिपत्रावर पालकांची सही मागितली होती. दादानं कागद देवाच्या फोटोमागे सरकवून ठेवला होता आणि "बघू" म्हणाला होता. आपल्या घरांत "बघू" म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको.

मी दादाला फोन लावला. तो म्हणाला, "अगं, काय खेळ आहे तो? एकमेकींच्या अंगावर पडायचं, हातपाय मोडून घ्यायचे. उद्या स्थळ बघायला लोक आले तर काय सांगू?" पाठोपाठ भाचीचा फोन आला. "आत्या, तू तरी बोल ना. तू पण खेळायचीस ना गं?" आता मला कबड्डी ठाऊक. रग्बी म्हणजे टीव्हीवर ओझरती दिसलेली धक्काबुक्की! म्हटलं, बोलायचं तर आधी माहिती करून घेऊ. पुस्तकं, कात्रणं, जे मिळेल ते वाचत गेले. आणि मैत्रिणींनो, जे वाचलं त्यात मला आमची स्मरणिकाच पुन्हा पुन्हा भेटत राहिली.

आधी खेळ थोडक्यात सांगते. चेंडू अंड्यासारखा लांबुळका. संघात पंधरा जण, किंवा छोट्या प्रकारात सात. चेंडू हातात घेऊन धावायचं आणि समोरच्या रेषेपलीकडे तो जमिनीला टेकवायचा, की पाच गुण. गंमत अशी, की हातानं चेंडू पुढे फेकायचा नाही, बाजूला किंवा मागेच द्यायचा. म्हणजे जी पुढे धावते तिला मागून येणारीवर भरवसा ठेवावाच लागतो. समोरचीनं धावणारीला कमरेला मिठी मारून खाली पाडायचं. आता सांगा, कबड्डीत पकड करणाऱ्या पोरीला यात नवीन ते काय? तिकडे मध्यरेषा गाठायची, इकडे शेवटची रेषा.

आपल्याला वाटतं, हा खेळ काल-परवा आला. तर तसं नाही. कलकत्त्यात १८७२ च्या नाताळात इंग्रजांनी रग्बीचा पहिला सामना खेळला. पुढच्याच वर्षी त्यांनी 'कलकत्ता फुटबॉल क्लब' काढला. पण हा क्लब काही वर्षांतच ढेपाळला. हवा मानवेना, खेळणारी पलटण दुसरीकडे गेली, लोक पोलो आणि टेनिसकडे वळले. आणि एक कारण तर फारच मजेशीर आहे. क्लबमध्ये दारू फुकट मिळायची ती बंद केली, तशी सभासदांची गर्दीही ओसरली!

क्लब बंद करायची वेळ आली तेव्हा बँकेत थोडे पैसे शिल्लक होते. आपली भिशी मोडते तेव्हा आपण काय करतो? ज्याचे त्याचे पैसे ज्याला त्याला देतो आणि मोकळे होतो. त्यांनी तसं केलं नाही. ते पैसे चांदीच्या रुपयांत काढले, वितळवले आणि त्या चांदीचा एक चषक घडवून घेतला. तीन नागांचे तीन कान, झाकणावर हत्ती. अगदी आपल्या इकडच्या कारागिरीचा. तो चषक त्यांनी इंग्लंडच्या रग्बी संघटनेला भेट दिला. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड या दोन देशांत त्या 'कलकत्ता कप'साठी सामने होतात. १९८८ मध्ये दोन्ही संघांतल्या एकेका खेळाडूनं रात्री एडिंबराच्या रस्त्यावर तो चषक चेंडूसारखा खेळवला आणि पार चेमटवून टाकला, ती गोष्ट वेगळी!

म्हणजे बघा, जेमतेम चार-पाच वर्षं चाललेला क्लब. तेवढीच वर्षं आमचा मुलींचा संघही चालला. पण त्या क्लबचं नाव दीडशे वर्षांनंतरही रग्बी खेळणारा प्रत्येक माणूस घेतो आणि आमचं नाव पन्नास वर्षांच्या स्मरणिकेतही नाही. ते काही आमच्यापेक्षा मोठे खेळाडू होते म्हणून नव्हे. त्यांच्याकडे वही होती, बँकेत खातं होतं, सचिव होता, आणि जाता जाता आपलं नाव कशावर तरी कोरून ठेवायचं एवढी अक्कल होती. इतिहास आपोआप उरत नसतो. तो कुणीतरी लिहून ठेवावा लागतो. आम्ही ठेवला नाही.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. आझाद मैदानाला लागून असलेला बॉम्बे जिमखाना १८७५ चा. देशातल्या सगळ्यात जुन्या रग्बी क्लबांपैकी एक. पावसाळ्यात, चिखलात तिथं रग्बी रंगते. भारतातला क्रिकेटचा पहिला कसोटी सामनाही १९३३ मध्ये तिथंच झाला. पण या जिमखान्याचे दरवाजे कितीतरी वर्षं फक्त गोऱ्यांसाठी उघडे होते. एवढंच नाही, तर आपली माणसं शेजारच्या खुल्या मैदानावर क्रिकेट खेळायची, तिथं गोरे साहेब पोलोचे घोडे पळवायचे. घोड्यांच्या टापांनी मैदानाला खड्डे पडायचे. १८८१ च्या सुमारास पारशी आणि हिंदू खेळाडूंनी सरकारकडे अर्जावर अर्ज केले. मैदान आमचंही आहे, आम्हाला खेळू द्या. बरीच वर्षं दाद लागली नाही. पण त्यांनी पिच्छा सोडला नाही. पुढे समुद्रकाठी पारशी, हिंदू, इस्लाम असे वेगवेगळे जिमखाने उभे राहिले, त्यामागे हीच मागणी होती. आजही मरीन ड्राइव्हवरून जाताना ते ओळीनं दिसतात.

मला या गोष्टीत घोड्यांपेक्षा अर्ज महत्त्वाचे वाटले. आपण बायका कुरकुर करतो, घरी बोलतो, शेजारणीला सांगतो. पण लेखी अर्ज किती जणी करतो?

या सगळ्या इतिहासात बाई कधी आली? कलकत्त्यातल्या पहिल्या सामन्यानंतर सुमारे एकशे सदतीस वर्षांनी! आपल्या मुलींचा भारतीय रग्बी संघ उभा राहिला तो २००९ मध्ये, सात जणींच्या प्रकारात. पंधरा जणींचा पूर्ण संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो २०१८ मध्ये, सिंगापूरला. आणि त्या संघाची कर्णधार कोण होती? पुण्याची वाहबिझ भरुचा. पेशानं फिजिओथेरपिस्ट. म्हणजे लोकांचे दुखावलेले गुडघे बरे करणारी बाई स्वतः हा खेळ खेळत होती!

पुढच्याच वर्षी, जून २०१९ मध्ये मनिलाला याच संघानं सिंगापूरला २१-१९ असं हरवलं. पंधरा जणींच्या प्रकारातला भारताचा तो पहिला विजय. विजयी गुण मिळवून देणारी किक मारली ओडिशाच्या सुमित्रा नायकनं. आदिवासी मुलांसाठी भुवनेश्वरला जी मोठी निवासी शाळा आहे, तिथली ही मुलगी. बिहारमधली श्वेता शाही नालंदा जिल्ह्यातल्या खेड्यातून आली. स्वीटी कुमारीसुद्धा बिहारचीच. २०२३ मध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई खेळांत भारतीय मुलींचा जो रग्बी संघ गेला, त्यात श्वेताबरोबर आपल्या महाराष्ट्राच्या वैष्णवी पाटील आणि कल्याणी पाटील होत्या. जिमखान्यात चहा पिणाऱ्या घरांतल्या नव्हेत, तुमच्या-माझ्यासारख्या घरांतल्या मुली या खेळात पुढे आल्या. मला तर वाटतं, बादली, घागर, गवताचा भारा उचललेल्या मुलीला वेगळं बळ कमवावं लागत नाही. कुणीतरी फक्त चेंडू हातात द्यावा लागतो.

मग दादाच्या प्रश्नांकडे वळले. पहिला प्रश्न, लागतं का? तर हो, लागतं. हे लपवून दादाशी बोलायचं नव्हतं. खांदा निखळतो, गुडघा दुखावतो, डोक्याला मार बसू शकतो. म्हणूनच नियम कडक आहेत. खांद्याच्या वर पकडायचं नाही. डोक्याला मार बसल्याची शंका आली तरी खेळाडूला बाहेर काढायचं. दातांना कवच लावायचं. त्यामुळे शिकवणारा जाणता आहे का, शिबिरात डॉक्टर आहे का, विमा आहे का, हे विचारलंच पाहिजे. बापानं नुसतं "नको" म्हणण्यापेक्षा हे विचारावं. ती खरी काळजी.

पण मला एक सांगा, बाईच्या अंगाला काही होईल याची काळजी आपल्याला नेमकी खेळाच्या वेळीच का आठवते? आपल्या भागात दर हंगामात ऊसतोडीला टोळ्या येतात. त्यातल्या बाया डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतात. पोटुशी असते तीही चढते. तेव्हा कुणी म्हणत नाही, अगं हातपाय मोडतील. कष्ट करताना बाईचं शरीर दणकट असतं आणि खेळायला निघालं की नाजूक होतं. हे गणित मला आजवर सुटलेलं नाही.

दुसरा प्रश्न, लोक काय म्हणतील? चारचौघांत बाईनं धावायचं? दादाला मी आपल्याच वाटेवरची आठवण करून दिली. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून निघते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं. पुढे बेलवाडीला गोल रिंगण, इंदापूरला रिंगण. बेलवाडीच्या रिंगणात डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायका धावतात. साठीच्या, सत्तरीच्यासुद्धा. नऊवारीचा ओचा आवरून, हजारो माणसांच्या देखत, जीव तोडून धावतात. बघणारे हात जोडतात. दादा स्वतः लहानपणापासून ते बघायला जातो. मग बाईचं धावणं आपल्याला नवीन कसं? तुळस डोक्यावर असली की भक्ती आणि चेंडू हातात असला की बेशरमपणा, असं थोडंच असतं! धावणारे पाय तेच, बघणारी माणसंही तीच.

दादा फोनवर गप्प राहिला. "तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही," म्हणाला. पण आवाज थोडा मऊ झाला होता.

तिसरा प्रश्न त्यानं विचारला नाही, पण प्रत्येक आईबापाच्या मनात तो असतोच. याचा उपयोग काय? आपल्या राज्यात सरकारी नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्याच्या अटी असतात, प्रमाणपत्रं तपासली जातात, त्यामुळे खेळली की नोकरी असं मी म्हणणार नाही. पण दार आहे, एवढं खरं. सात जणांची रग्बी २०१६ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे, मुलांची आणि मुलींचीही. कबड्डीचंही बघा ना. आशियाई खेळांत पुरुषांची कबड्डी १९९० मध्ये आली, बायकांची यायला २०१० उजाडलं. वीस वर्षांनी आलो, पण दोनच वर्षांनी, २०१२ मध्ये, पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक झाला आणि तो भारतानं जिंकला. त्या संघात अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के या तिघी महाराष्ट्राच्या होत्या. पण नोकरी आणि पदक बाजूला ठेवलं तरी एक उपयोग उरतोच. पडल्यावर उठायची सवय लागते. ती सवय मला सासरी किती कामाला आली, हे मी कधीतरी निवांत सांगेन.

आणि बायकांनी स्वतः उठून काही केलं की काय होतं, त्याचीही एक गोष्ट वाचली. लंडनजवळ रिचमंड नावाचा एक जुना रग्बी क्लब आहे, १८६१ चा. तिथल्या महिला संघातल्या चौघींनी ठरवलं, १९९१ मध्ये बायकांचाही विश्वचषक भरवायचा. वरच्या संघटनेचा पाठिंबा नाही, पैसा नाही. नोकरी सांभाळून चौघी पत्रं लिहीत बसल्या. वेल्समध्ये बारा देशांचे संघ जमले. रशियाकडचा संघ तर पैसेच नसल्यामुळे खर्च भागवायला सामानातून दारूच्या बाटल्या विकायला घेऊन आला! स्पर्धा कशीबशी पार पडली. त्या चौघींपैकी एक होत्या डेबोरा ग्रिफिन. इंग्लंडची रग्बी संघटना १८७१ मध्ये स्थापन झाली, तिच्या पहिल्या महिला अध्यक्ष त्या झाल्या २०२५ मध्ये. आणि त्याच २०२५ च्या सप्टेंबरमध्ये लंडनला महिला विश्वचषकाचा अंतिम सामना बघायला एक्क्याऐंशी हजारांहून जास्त माणसं जमली होती.

आपल्याकडे त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईत रग्बीची पहिली व्यावसायिक लीग झाली. सहा संघ. सहाही पुरुषांचे. म्हणजे वाट अजून बरीच आहे. पण ती वाट वहीपासूनच सुरू होते, हे मला आता पटलंय.

म्हणून मैत्रिणींनो, हा लेख रग्बीचा नाही. तुमच्या गावात रग्बी नसेलही. पण मंडळ असेल, तालीम असेल, शाळेचं मैदान असेल. बारामतीत असाल, इंदापुरात असाल, वालचंदनगरला, भिगवणला, निमगाव केतकीला असाल. कुठंतरी एखाद्या मंडळाचा पंचविसावा नाहीतर पन्नासावा वाढदिवस येईल आणि स्मरणिका निघेल. तिच्यात आपल्या मुलींचं पान असावं असं वाटत असेल, तर ते आजपासून लिहायला लागेल. मला तीन गोष्टी सुचतात.

पहिली, मुलीच्या नावानं पावती फाडा. वर्गणी पन्नास रुपये असो की पाचशे, ती भावाच्या नावावर नको. आणि मुलगी खेळत असेल तर आईनंही सभासद व्हावं. वार्षिक सभेला जावं. पहिल्या वर्षी मागच्या खुर्चीवर बसलात तरी चालेल, पण हजेरीच्या वहीत सही करून या.

दुसरी, मैदानाची वेळ लेखी मागा. संध्याकाळी साडेपाच ते सात मुलींसाठी, असं फलकावर लिहिलेलं हवं. "मुलं नसतील तेव्हा खेळा" ही काही वेळ नव्हे. दिवा हवा, बंद दाराचं स्वच्छतागृह हवं, आणि मुलींना शिकवणारं कुणी जाणतं हवं, बाई असेल तर उत्तमच. माझ्या बरोबरीच्या दोघी-तिघी मैदान सोडून गेल्या त्या केवळ स्वच्छतागृह नव्हतं म्हणून. कुणाला सांगायचीही लाज वाटायची तेव्हा. हे मागणं म्हणजे उपकार मागणं नाही. पोलोच्या घोड्यांपुढे उभं राहून लोकांनी मागितलं होतं. आपल्यापुढे तर आपलेच दीर-भाऊ आहेत.

तिसरी, दहावीनंतर मुलीचा खेळ थांबवू नका. मुलाचा खेळ थांबतो तो गुडघा गेल्यावर. मुलीचा थांबतो बोर्डाच्या परीक्षेला. मग आपणच म्हणतो, मुली पुढे टिकत नाहीत.

आणि हो, जुन्या फोटोंचे डबे उघडा. कुणाकडे शाळेच्या खो-खो संघाचा, कबड्डीच्या संघाचा फोटो असेल, तर मागे नावं लिहून ठेवा. सासरची नकोत, तेव्हा मैदानावर ज्या नावानं हाक मारायचे ती. मी आमच्या संघातल्या सात जणींचा पत्ता काढलाय. एक आता या जगात नाही. बाकीच्यांकडून दोन फोटो मिळाले. मंडळाला रीतसर पत्र लिहिलंय, की पुढच्या अंकात ही नावं छापा. त्यांनी होकार कळवलाय. छापलं तर बरंच, नाही छापलं तर पुन्हा पत्र लिहीन.

आता भाचीचं काय झालं ते सांगते. शिबिराच्या चार दिवस आधी वहिनीचा पुन्हा फोन आला. आवाज अगदी हळू. "ताई, तो कागद मी वाचला. त्यावर 'पालकाची सही' असं लिहिलंय. वडिलांची असं कुठंच नाही. म्हणजे माझी चालंल का?"

मी म्हटलं, "वहिनी, चालंल म्हणजे काय! पालक तुम्ही नाही तर कोण?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, "एवढ्या वर्षांत पोरीच्या कुठल्याच कागदावर माझी सही नाही बघा. शाळेच्या दाखल्यापासून सगळ्यावर ह्यांचीच." तिनं दादाला सांगून, त्याच्यासमोर बसून सही केली. लपवून नाही. दादा "हो" म्हणाला नाही, पण पेन त्यानंच काढून दिलं. शिबिरात डॉक्टर आहे का, हेही त्यानंच फोन करून विचारलं.

पोरगी शिबिराला जाऊन आली. कोपर खरचटलंय, बाकी ठणठणीत आहे. पुढे तिची निवड होईल, न होईल. ते तिच्या खेळावर. पण त्या शिबिराच्या फायलीत आमच्या घरातल्या दोन बायकांची नावं आता एकाखाली एक आहेत. खेळाडू म्हणून एकीचं आणि पालक म्हणून दुसरीचं.